तांब्यावरची आईची रेघ

माझ्या चित्रांतल्या बायकांच्या पोटाला दार असतं. कधी त्यांच्या पाठीतून शिडी निघते आणि वर कुठेच टेकत नाही. कधी डोक्याच्या जागी पिंजरा असतो, आणि पिंजऱ्यात पक्ष्याऐवजी चावी. गेली कित्येक वर्षं मी हेच करत आले. जस्ताच्या नाहीतर तांब्याच्या प्लेटवर मेणाचा थर द्यायचा, त्यावर सुईने चित्र काढायचं, प्लेट ॲसिडमध्ये ठेवायची. सुईने मेण निघालेलं असतं तिथे ॲसिड धातू खातं आणि चर पडतात. त्या चरांत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची आणि ओला कागद ठेवून प्लेट प्रेसमधून काढायची. मग प्रदर्शन. लोक येतात, मान तिरकी करून बघतात आणि विचारतात, दार म्हणजे नेमकं काय हो? मी काहीतरी सांगते. सांगता सांगता मलाही ते पटायला लागतं.

आईला मात्र ते कधी पटलं नाही.

"बाईच्या पोटाला दार केलंस त्ये केलंस," ती एकदा म्हणाली, "पर कडी कुठं हाय? कुनीबी आत शिरंल की."

"आई, ते प्रतीक आहे."

"आसंल. कडी पायजेलच पर."

मी चिडले. पुढच्या चित्रात मात्र गुपचूप कडी काढली. प्रदर्शनात जो तो त्या कडीपाशीच थांबला आणि कडीबद्दलच बोलला. हे मी आईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने उभ्या जुईनगरला ऐकवलं असतं.

आई-वडील साताऱ्याकडचे. वडील वाशीच्या मार्केटला कांदा-बटाट्यात माथाडी होते. आई तिथेच फाटक्या गोण्या शिवायची. हातात दाभण, मांडीवर सुतळीचा गुंडा, आणि समोर गोण्यांचा ढीग. आमची शिक्षणं त्या ढिगातूनच निघाली. त्यातून भाऊ नोकरीला लागला आणि मी आर्ट स्कूलला गेले. एका पोराचं भलं झालं आणि दुसरीचं काय झालं ते देवाला माहीत, असं वडील हसत हसत म्हणायचे. ते गेल्यावर आई माझ्याकडे जुईनगरला राहायला आली. मी एकटीच असते, त्यामुळे घरात दोघीच. भाऊ पनवेलला, बायको-मुलीसह.

माझा प्रेस नावड्याला आहे, भाड्याच्या गाळ्यात. प्रेस फ्लॅटमध्ये ठेवणं शक्यच नव्हतं. त्याचं वजन आणि ॲसिडचा वास, दोन्ही सोसायटीला झेपले नसते. मी सकाळी गाळ्यावर निघाले की आईही चप्पल घालायची. "दिसभर भितीसंगं काय बोलू मी?" गाळ्यात शटरजवळ उजेडाला ती पोतं अंथरून बसायची, डाळ निवडायची, येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करायची. कारखान्यांकडून वारा आला की नाकाला पदर लावून म्हणायची, "तुझ्या त्या शिडीवाल्या बायकांस्नी ह्यो वास येत न्हाई व्हय?"

एका दुपारी मी तांब्याची मोठी प्लेट कापली. पंजापेक्षा थोडा मोठा असा एक तुकडा उरला. आईने तो उचलला. तिच्या दृष्टीने तांबं म्हणजे चिंचेने घासायची वस्तू. पण तो आधीच चकचकीत होता, म्हणून घासायला काही उरलं नव्हतं. तिने तो इकडून तिकडून फिरवला, मग पिशवीतून दाभण काढलं. मार्केट सुटून इतकी वर्षं झाली तरी दाभण तिच्या पिशवीत असायचंच.

"काय करतेस? थांब, मेणाचा थर देते," मी म्हणाले.

"मेन कशाला?"

आणि तिने सरळ उघड्या तांब्यावर दाभण टेकवलं. गोणपाटात खुपसतात तसं खुपसलं आणि तळव्याने रेटत पुढे नेलं. तो करकर आवाज ऐकून माझ्या दातांत शिरशिरी आली. मी कानावर हात ठेवून हसत होते. तिचं लक्षच नव्हतं. ओठ आत ओढून, एका बाजूला कलून ती रेघ ओढत राहिली. थांबायची, बोटाने तांब्याचा कीस झटकायची, पुन्हा दाभण टेकवायची.

झाल्यावर तिने तुकडा माझ्यापुढे केला. एक लांबट उंचवटा होता, दोन्ही टोकांना टाके घातलेला. शेजारी एक छोटा गोळा.

"गोणी का?" मी विचारलं.

"गोनी न्हवं. तुझा बा. निजलाय."

"आणि हे?"

"मी. बसलीया."

"काय करतेस बसून?"

"त्यो उठायची वाट बगतीया."

आमच्या लहानपणी रोज असंच असायचं. मार्केटला गाड्या पहाटेपासून लागायच्या. वडील दुपारी घरी यायचे आणि भुईवर आडवे व्हायचे. आई त्यांच्या उशाला बसून राहायची. आम्ही आवाज केला की नुसते डोळे वटारायची. त्यामुळे मला हे चित्र ओळखू यायला हवं होतं. पण वडील जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती, आणि ती 'वाट बगतीया' म्हणाली, 'बघत होते' नव्हे. मी शाई काढली.

त्या प्लेटचा पहिला प्रिंट मी लगेच घेतला. मेणावाचून, ॲसिडवाचून, सरळ धातूवर ओरखडा काढला की रेघेच्या दोन्ही कडांना धातूची बारीक धार उभी राहते. ती धार शाई धरून ठेवते. त्यामुळे कागदावर रेघ नुसती काळी दिसत नाही, मखमलीसारखी दिसते. आईची रेघ तशी उमटली होती. ते काही मोठं चित्र नव्हतं आणि मी तसा आवही आणणार नाही. पण ती रेघ काळीभोर होती, जाड होती, मध्येच थांबून श्वास घेतलेली होती. छापात डावं-उजवं उलटतं, ते आईच्या लगेच लक्षात आलं. "मी त्येच्या ह्या अंगाला बसायचे. तू तिकडं बसवलीस," असं म्हणून तिने तो कागद घडी न घालता पिशवीत ठेवला. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात बघते तर तो तेलाच्या डब्याखाली.

"आई, अगं तो प्रिंट!"

"जाड हाय चांगला. तेल मुरतंय त्यात."

मी कपाळावर हात मारला आणि दोघी हसलो. दुसरा कधीही काढता येईल, असं मला वाटलं होतं.

आई थंडीत गेली. ताप आला, छातीत उतरला, दवाखान्यात नेली. तिथे ती थोडेच दिवस राहिली. शेवटी तिचा हात हातात घेऊन बसले तेव्हा तो सुजलेला होता, सुया टोचून निळा झालेला. तो तिचा हात वाटतच नव्हता.

ती गेल्यावर घरात मी तिचा हात शोधत होते. हे वेड्यासारखं आहे, मला कळतं. साड्या धुवून ठेवलेल्या होत्या. तिने भरलेल्या बरण्या रिकाम्या होत गेल्या. फोटो होते, पण फोटोत माणसाचा जोर कुठे असतो? तेलाच्या डब्याखालचा कागद काढला तर आरपार तेल मुरून तो पिवळा, पारदर्शक झाला होता. रेघेचा अर्धा भाग डब्याच्या गंजाखाली गेला होता. मग मी नावड्याला जाऊन तो तांब्याचा तुकडा काढला आणि रेघेवरून बोट फिरवलं.

तिथे आई होती. दुसरं कसं सांगू? जिथे तिने दाभण पहिल्यांदा खुपसलं तिथे चर खोल होता, नख अडकत होतं. पुढे हात थकला तिथे तो उथळ झाला होता. वळणावर दाभण निसटलं होतं, तिथे एक नकोशी बारीक रेघ बाजूला गेली होती. टाक्यांपाशी प्रत्येक टाक्याला तिने सारखाच जोर दिला होता, कारण टाके तिच्या अंगवळणी पडले होते. डोळे मिटून बोट फिरवलं की तिचा हात माझ्या हाताखाली चालतोय असं वाटायचं. मी रोज ते करायला लागले. काम करायचं सोडून मी शटरजवळ तिच्या जागी बसायचे आणि बोट फिरवायचे.

तेराव्याला भावाने मोबाइलवर त्या प्लेटचा फोटो सगळ्यांना दाखवला. झालं. आत्याला एक प्रिंट हवा, मामाला हवा, मावशीला फ्रेम करून हवा. मी आधी नाही म्हणाले. मग म्हाताऱ्या माणसांचे चेहरे बघून हो म्हणाले. पण या पद्धतीच्या रेघेचं आयुष्य फार कमी असतं. प्रेसच्या दाबाखाली ती कडेची धार प्रत्येक खेपेला चेपत जाते. आत्याचा प्रिंट चांगला आला. मामाचा फिका. मावशीच्या कागदावर मखमल उरलीच नव्हती, नुसती करडी रेघ होती. मी बोट फिरवून पाहिलं, तर प्लेटही हाताला गुळगुळीत लागायला लागली होती. नातेवाइकांना आईचं चित्र वाटता वाटता मी आईच वाटून संपवत होते.

"बस्स. आता कोणाला नाही," मी भावाला सांगितलं.

"अगं ताई, मग कलर झेरॉक्स काढ ना. एवढं टेन्शन कशाला घेते?"

"ते झेरॉक्सचं नाही रे."

"बरं, बरं." मग तो म्हणाला, "पण मला एक पण नाय मिळाला ना गं."

ते खरं होतं. मोठ्यांना देता देता तो राहिला होता. आईने त्यालाही त्याच हाताने वाढवलं होतं, आणि त्याच्याकडे तिच्या हाताचं काहीच नव्हतं. त्याने ते रडून सांगितलं असतं तर मी कदाचित टाळलं असतं. पण तो सहज बोलून गेला आणि ते मला लागलं.

आता काय करायचं? रेघ सुईने पुन्हा खोल करता आली असती. मी सुई टेकवलीही होती आणि लगेच उचलली. मी खोल केलेली रेघ माझी झाली असती. आईच्या जोरावर माझा जोर मला नको होता. मग शिकत असतानाचं आठवलं. अशा नाजूक प्लेटवर दुसऱ्या कठीण धातूचा अगदी पातळ मुलामा देतात. मग रेघेची धार चेपत नाही, आणि प्रिंट कितीही काढा. जी काही रेघ उरली होती ती तरी कायमची राहील. भावाला एक देईन, त्याच्या मुलीला एक देईन, आणि माझ्या बोटाला रेघ उरेल. आई गेल्यापासून पहिल्यांदाच मला काहीतरी करावंसं वाटत होतं.

तळोज्याच्या बाजूला मुलामा देणाऱ्यांना तोटा नाही. माझ्या गाळ्यापासून थोड्या अंतरावर एक छोटं युनिट होतं. दारात तारांना नळाच्या तोट्या आणि मोटारसायकलचे भाग चमकत लटकलेले असायचे. मालक नावडे गावातलाच, पन्नाशीचा, शांत माणूस. मी प्लेट मऊ कापडात गुंडाळून रिक्षाने नेली. चालत जाण्यासारखं अंतर होतं, पण हातातून पडली तर, या भीतीने रिक्षा केली.

"क्रोम द्यायचंय," मी म्हणाले. "पातळ, पण घट्ट. झिजायला नको. ही माझ्या आईची आठवण आहे. ती गेली. फार जपून करा."

त्याने हात पुसले आणि दोन्ही हातांनी प्लेट घेतली. "मॅडम, तुमी काय काळजी नका करू. माझी आई पन गेली दोन वर्सांखाली. मी सोता करतो."

मला त्या माणसाचा भरवसा वाटला. अजूनही वाटतो, हेच तर दुःख आहे. आमच्या धंद्यात प्लेट हातात घेतली की कोणीही पहिल्यांदा रेघ बघतो. प्लेटवर बघायचं दुसरं असतं काय? रेघेला हात लावू नका, असं सांगायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. देवळात शिरणाऱ्याला मूर्ती फोडू नका असं कोण सांगतं?

परवा या, असं तो म्हणाला होता. मी गेले. मला बघताच तो उठला, आतून वर्तमानपत्रात बांधलेली प्लेट घेऊन आला आणि माझ्यासमोर कागद सोडला.

प्लेट पांढरीशुभ्र चमकत होती. तिच्यावर काही नव्हतं.

मी ती उलटी केली. मागची बाजूही तशीच होती. मला वाटलं त्याने चुकून दुसऱ्या कोणाची दिली.

"हे माझं नाही," मी म्हणाले.

"तुमचंच हाय की मॅडम! वळखू नाय आलं ना?" तो इतका खूश झाला. "लय ओरखडे होते त्याच्यावर. कोनी खिळ्यानं वढल्यासारखे. तसंच क्रोम मारलं आसतं तर ते आजून उठून दिसलं आसतं. कामगारांना हात नाय लावू दिला मी. आईची आठवन बोललात ना, म्हनून सोता बफवर बसलो. एक ओरखडा नाय ठेवला. बघा बोट फिरवून."

मी बोट फिरवलं. त्याने सांगितलं म्हणून फिरवलं. बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं, कुठेही अडकलं नाही.

क्रोम देण्याआधी वस्तू बफिंगच्या चाकावर धरून गुळगुळीत करायची, हा त्यांच्या कामाचा नियम. तोटीला ओरखडा म्हणजे दोष. कच्चा माणूस असता तर त्याने उरकून टाकलं असतं आणि कुठेतरी थोडी रेघ राहिली असती. हा चांगला कारागीर होता. शिवाय त्याला माझी दया आली होती. त्याने जीव लावून काम केलं आणि सगळी आई पुसून टाकली.

"आता हजार वर्सं काय होनार नाय त्याला," तो म्हणाला. मग माझा चेहरा बघून त्याचा आवाज उतरला. "का मॅडम? शायनिंग कमी वाटते का?"

त्याच्यावर ओरडावं, प्लेट भिंतीवर फेकावी, असं मला वाटत होतं. पण त्या माणसाने कामाचा मोबदलाही घ्यायला नकार दिला. आईच्या कामाचं काय घ्यायचं, म्हणाला. चहा मागवला. मी चहा प्याले. छान झालंय, असं म्हणाले. आयुष्यात इतकं खोटं मी कुठल्याही प्रदर्शनात बोलले नसेन.

गाळ्यात येऊन मी प्लेट उजेडात तिरकी धरली, सगळ्या कोनांतून. नखाने चाचपली. कुठेतरी ती नकोशी, निसटलेली रेघ तरी राहिली असेल, असं मला उगाच वाटत होतं. नव्हती. तेवढ्यात भावाचा फोन आला. मी त्याला सांगितलं. त्याच्यामागे ऑफिसातले आवाज येत होते.

"ताई, रडू नको ना," तो म्हणाला. "तू काढ की परत. तुला येतं ना? आईने कसं काढलं ते तू बघितलंयस. सेम टू सेम नको. बाबा झोपलेत आणि आई बसलीय, एवढंच काढ. मला चालेल."

मला चालणार नव्हतं, ते मी त्याला म्हणाले नाही. फोन ठेवला. पण मग मी माझी सुई घेतली. आपण आधी काय ठरवलं होतं, माझा जोर, तिचा जोर, ते सगळं त्या क्षणी गळून पडलं. त्या प्लेटवर काहीतरी असायला हवं होतं, कोणाच्याही हाताचं. मी शटरजवळ बसले. वडिलांचा तो लांबट उंचवटा डोळ्यांसमोर आणला, सुई टेकवली आणि रेटली.

सुई घसरली. मी तळवा लावून, आई लावायची तसा सगळा भार देऊन पुन्हा रेटली. ती काचेवरून जावी तशी सरकत गेली आणि प्लेटच्या कडेवरून माझ्या बोटात घुसली. मी रक्त पुसलं आणि पुन्हा रेटली, पुन्हा रेटली. सुईचं टोक वाकलं. घट्ट करा, झिजायला नको, असं मीच सांगितलं होतं, आणि त्या भल्या माणसाने ते अगदी तसं करून दिलं होतं. त्या तांब्यावर आता कोणीच काही काढू शकणार नाही.